पेशंट कोणत्याही भाषेत बोलला तरी चालेल

माझ्या मोबाईलमध्ये चौदा रेकॉर्डिंग आहेत, प्रत्येक पाच-पाच मिनिटांचं. त्यात एक नर्स आहे, ती मी. एक पेशंट आहे, तो माझा बाप. मी इंग्रजीत बोलतेय आणि आण्णा मराठीत बोलतायत. ही रेकॉर्डिंग पुसून टाकावीत असं मला रोज वाटतं आणि रोज ती तशीच राहतात.

भोरमधल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी आठ वर्षं नर्स म्हणून काढली. हात चांगला, तोंड वाईट, अशी माझी ख्याती. शीर सापडेना झाली की डॉक्टर मलाच हाक मारायचे, आणि नातेवाईक तक्रार करायचे तीही माझीच. "ए आजी, हात हलवू नको गं." "मामा, किती वेळा सांगायचं, उठा." वॉर्डात वीस-बावीस पेशंट आणि आम्ही दोघी. गोड बोलायला वेळ आहे कुणाला?

मला इंग्लंडला जायचं होतं. त्यासाठी नर्सांची इंग्रजीची परीक्षा असते. वाचणं, लिहिणं, ऐकणं मी पहिल्या झटक्यात पास झाले. बोलण्यात नापास. त्यात काय असतं, तर समोर एक माणूस पेशंटचं सोंग घेऊन बसतो, आपल्या हातात एक कार्ड देतात, आणि पाच मिनिटं त्याच्याशी नर्ससारखं बोलायचं. मी बोलले की! गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं, घरी कधी जायचं ते सांगितलं. निकालात आलं, भाषा ठीक, पण एम्पथी कमी. म्हणजे पेशंटचं दुःख तुम्हाला कळलं असं दिसलं नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आठ वर्षं लोकांचं हगणं-मुतणं काढलं, मेलेल्यांच्या तोंडावर चादर ओढली, आणि हे मला शिकवणार माया कशी करायची?

पण परीक्षा त्यांची, देश त्यांचा. गुमान ऑनलाईन क्लास लावला. क्लासच्या मॅडम केरळच्या, मराठीचा त्यांना गंध नाही. त्यांनी आम्हाला वाक्यांचा एक कागदच पाठवला. पेशंटने काही सांगितलं की म्हणायचं, आय अॅम सो सॉरी टू हिअर दॅट. मग म्हणायचं, इट मस्ट बी व्हेरी डिफिकल्ट फॉर यू. मग विचारायचं, व्हॉट इज वरिंग यू मोस्ट? म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय? आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. पेशंट दुःख सांगतोय आणि आपण "ओके" म्हणून पुढे गेलो, की मार्क गेले. माझी तीच खोड होती. दर दोन वाक्यांमागे ओके.

दर आठवड्याला घरच्या कुणाला तरी पेशंट करून एक रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. मी मॅडमना म्हटलं, माझ्या घरी कुणाला इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, पेशंट कोणत्याही भाषेत बोलला तरी चालेल, मी फक्त तुमचंच ऐकणार आहे.

माझं घर पासलीला. सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची, नसरापूरला उतरायचं, वेल्ह्याची गाडी, वेल्ह्यात पुन्हा पासलीची. आधी आईला पेशंट करून बघितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. मग अंगणात भाताचा पेंढा रचत होते ते आण्णा म्हणाले, "म्या व्हतो की पेशंट. त्यात काय एवडं?" आण्णांनी तरुणपणी जत्रेतल्या नाटकात कामं केलेली. एकदा प्रधान झाले होते, त्याचं कौतुक अजून गावात निघतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात बाप मुलीशी शरीराबद्दल बोलत नाही. आण्णांचा दात दुखला तरी ते आईला सांगायचे आणि आई मला सांगायची. मी शिकलेली नर्स, पण त्यांच्या अंगाला थर्मामीटर लावायचा तर ते तोंड फिरवून बसायचे. त्यात गैर काही आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही.

पहिली दोन-तीन रेकॉर्डिंग नुसती धमाल होती. आण्णा ओट्यावर पोट धरून बसायचे, "आगं नर्सबाई, मेलो, मेलो!" आई आतून ओरडायची, "आवो, हळू! लोकं गोळा व्हत्याल." मी म्हणायचे, आण्णा, मरू नका, नुसतं दुखतंय असं सांगा, आणि सावकाश बोला, म्हणजे मला मध्ये वाक्य घालता येईल. ते मान डोलवायचे. कार्डावर काय लिहिलंय ते मी त्यांना सांगायचीच नाही. कधी कार्डावर मधुमेह असायचा, कधी मोडलेला हात. त्यांनी काहीही बोलावं, मी कार्डाप्रमाणे बोलणार. माझा एक डोळा घड्याळावर, दुसरा वाक्यांच्या कागदावर. एक वाक्य झालं की पेन्सिलीने खूण. त्यांचं बोलणं मला नुसतं पंख्याच्या घरघरीसारखं ऐकू यायचं. ते थांबले की माझी पाळी, एवढंच मला कळत होतं.

पुढे आण्णांचं ओरडणं बंद झालं. ते हळू, खाली बघून बोलायला लागले. मला वाटलं, वा, काय काम करतायत! मी म्हटलंसुद्धा, "आण्णा, आता जमलं बघा. असंच बोला." एकदा त्यांचं बोलणं लांबलं. पाच मिनिटं झाली तशी मी हात वर केला, म्हटलं, टाईम झाला. ते अर्ध्या वाक्यात थांबले. "बरं बरं," म्हणाले, "ऱ्हायलेलं फुडल्या खेपेला."

ते माझ्या सुट्टीची वाट बघायला लागले. मी पोचायच्या आत हातपाय धुऊन, टोपी घालून ओट्यावर तयार. आई म्हणायची, "दोन दिस आदीपासनं त्यांचं चाललंय, पोरगी येनार, पोरगी येनार." मी हुरळून गेले. बापाला लेकीच्या परीक्षेची केवढी काळजी, म्हणून भोरला जाऊन सगळ्यांना सांगितलं. ते बारीक झालेत हे मला दिसलं होतं. आईला म्हटलं, सुगी झालीय, दमले असतील, दूध देत जा जरा. दूध देत जा! नर्स आहे मी!

मग परीक्षा झाली, पुण्यात. पेशंट झालेली बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती. तिला म्हणे बाळंतपणानंतर झोप येत नव्हती. मी तिचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकला. तिने एक सुस्कारा टाकला तर तो सुस्कारासुद्धा मी धरला, म्हटलं, तुम्ही आत्ता सुस्कारा सोडलात, आणखी काही मनात आहे का? तिने लगेच सांगितलं, हो, आहे. तिला काही झालेलं नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी तिच्याशी इतकं मायेनं बोलले की बाहेर आल्यावर माझंच मला कौतुक वाटलं.

त्यानंतर आठच दिवसांत आईचा फोन आला. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस होते. आण्णा पाल्याचा भारा घेऊन खाचरात आले आणि तिथंच खाली बसले, ते उठेचनात. टेम्पोतून त्यांना खाली आणलं, तिथून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. मी भोरहून परस्पर पोचले, अंगावर ड्युटीचेच कपडे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आण्णांना विचारलं, "बाबा, संडासच्या वेळी रक्त किती दिवसांपासून पडतंय?"

आण्णा एकदम मोकळे झाल्यासारखे म्हणाले, "हिला ठावं हाय. हिला सांगितलंय की म्या. लई डाव सांगितलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कपड्यांकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आण्णा, मला कधी सांगितलं?" त्यांना नवलच वाटलं. "आगं, त्या तुज्या परीक्षेत न्हाई का? तुजा बाप म्हनून कसं सांगनार गं? पेशंट म्हनून सांगितलं." मग डॉक्टरांकडे वळून, अगदी अभिमानाने, "लई मायेनं ऐकून घ्यायची. मान हलवायची, विंग्रजीत समजूत काढायची. म्या म्हनलं, हिला एवडं ठावं आसून ही भ्याली न्हाई, म्हंजे भ्यायासारकं काय नसंल."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. थोडीशी असती तरी मला बरं झालं असतं.

दुपारी त्यांना तपासणीला आत नेलं तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी कानात इयरफोन घातले. तेवढा धीर कुठून आला कोण जाणे. चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये काही नव्हतं. पाचव्यात आण्णा म्हणतात, "नर्सबाई, योक बोलू का? लाज वाटतीया. परसाकडंला रगात पडतंय." आणि मी म्हणते, आय अॅम सो सॉरी टू हिअर दॅट. सातव्यात त्यांना भाकरी जात नाही. आठव्यात म्हणतात, "कारभारनीला बोललो न्हाई, ती घाबरंल." नवव्यात कार्ड मुरगळलेल्या पायाचं होतं. आण्णा म्हणतात, "रगात काळं यायला लागलंय, आन् पोटात गोळा लागतोय हितं, डाव्या अंगाला." मी म्हणते, इट मस्ट बी व्हेरी डिफिकल्ट फॉर यू. मग म्हणते, पायावर भार देऊ नका, बर्फ लावा. तेही इंग्रजीत. ते म्हणतात, "व्हय व्हय." मी विचारते, व्हॉट इज वरिंग यू मोस्ट? ते गप्प बसतात, आणि मागे आमची कोंबडी ओरडते. मग मीच मराठीत म्हणते, "आण्णा, बोला की, थांबू नका. मस्त चाललंय."

मस्त चाललंय. माझाच आवाज आहे, दुसऱ्या कुणाचा म्हणता येत नाही.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटाला पिशवी लागली. दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला आण्णांना पुण्याला न्यायचं सुरू झालं. याचा अर्थ काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. किती लोकांना मीच कोरडेपणाने सांगितलंय, घरी न्या, खाऊ-पिऊ घाला.

निकाल त्याच दिवसांत लागला. बोलण्यात पास, चांगल्या ग्रेडने. मॅडमचा व्हॉइस मेसेज आला, आनंदाने नुसत्या चिवचिवत होत्या. पुढच्या बॅचला नमुना म्हणून माझं नववं रेकॉर्डिंग ऐकवू का, असं त्यांनी विचारलं होतं. त्यात तुमची एम्पथी अगदी आतून आलीय म्हणाल्या. त्यांच्यावर आग पाखडावी असं फार वाटलं. पण त्यांचं काय चुकलं? त्यांना मराठी येत नव्हती. मला येत होती. मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही.

इंग्लंडच्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्रही आलं. गावात पेढे आण्णांनीच वाटायला लावले. जो तो येऊन म्हणतो, बापाने जिवंतपणी लेकीचं सोनं झालेलं बघितलं. माझ्या तोंडावर येतं, गप्प बसा, चालते व्हा! आण्णा ओट्यावर असतात म्हणून गिळते.

गेल्या सुट्टीला घरी गेले. आण्णा उन्हात बसले होते, पिशवीवर उपरणं टाकून. मी शेजारी बसले आणि मराठीत विचारलं, "आण्णा, कुठं दुखतंय का? खरं सांगा."

"काय न्हाई. बरं हाय."

"रात्री झोप लागती का?"

"लागती की." तोंड तिकडे, डोंगराकडे.

"भाकरी जाती?"

"आईला इचार."

मी तीन-चार तऱ्हांनी विचारून बघितलं. चिडूनही विचारलं. शेवटी हात टेकले. उठून माझ्या पर्समधून जुनं कार्ड आणि कागद काढला, मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "आण्णा, तिकडं गेल्यावर अजून एक परीक्षा हाय. पेशंट व्हता का?" धडधडीत खोटं. रेकॉर्डिंग चालूसुद्धा केलं नाही.

त्यांनी टोपी सारखी केली, मांडी बदलली. मी इंग्रजीत विचारलं, व्हॉट इज वरिंग यू मोस्ट?

या वेळी मी घड्याळ बघत नव्हते. मग ते माझ्याकडे वळून, सावकाश, नीट ऐकू येईल असं बोलले. "नर्सबाई, परत रगात यायला लागलंय, चार दिस झालं. दुकतंय बी लई. पर येवडं आमच्या पोरीला सांगू नगा. तिचं जायाचं ऱ्हाईल."

कागदावर सगळी वाक्यं होती. मी कागद खाली ठेवला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ओके."