हार्ड कास्टिंगची तक्रार

"मिस्त्री, कास्टिंग हार्ड निघालंय. गिऱ्हाईक दुसरीकडं चाललंय," मालक म्हणाले आणि माझ्या हातातलं इंग्रजी पत्र घेऊन त्यांनी ज्ञानू मिस्त्रींपुढं धरलं.

पत्राचा अर्थ मीच सांगितला होता. सत्तरच्या दशकात कुपवाडच्या एका फाउंड्रीत मी पत्रव्यवहार सांभाळायचो. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. ओतून निघालेला भाग म्हणजे कास्टिंग. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला तिथं मी एकटाच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचं वाक्य होतं : 'वी वुड बी हार्ड पुट टु फाइंड बेटर कास्टिंग्ज.' मी अर्थ लावला : माल हार्ड आहे, आम्ही बरा माल शोधतो.

लोखंड फार लवकर थंड झालं की कडक होतं, त्यात ड्रिल शिरत नाही. खापर ओतणाऱ्यावर, म्हणजे ज्ञानू मिस्त्रींवर, फुटतं. मालकांनी ओतकाम थांबवलं आणि मला माफीचं पत्र टाइप करायला बसवलं.

ज्ञानू मिस्त्री कुंडलचे, लष्करातून आलेले, पन्नाशीचे. त्यांनी त्याच लॉटमधलं एक कास्टिंग आणलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर कानस चालवली. माझ्या टाइपरायटरवर लोखंडाचा भुगा पडला.

"बघा मालक, कानस लागतीय. माल मऊ हाय."

"मग साहेब खोटं लिहील व्हय?"

"साहेबाचं म्हाईत न्हाई. रावसाहेब, तुमी परत एकदा बघा की."

"त्यात बघायचं काय? साधे शब्द आहेत," मी म्हणालो.

"तरी बघा. ह्यात नाव माझं जातंय, तुमचं न्हाई."

त्यांना गप्प करायला म्हणून मी डिक्शनरी उघडली. 'हार्ड'च्या बऱ्याच खाली 'हार्ड पुट' सापडलं : एखादी गोष्ट करणं अवघड जाणं. म्हणजे यापेक्षा चांगली कास्टिंग शोधूनही मिळायची नाहीत, असं साहेब कौतुकानं लिहीत होता.

चाचरत मी ते मालकांना सांगितलं. त्यांनी अर्धवट टाइप झालेला कागद मशीनमधून ओढून काढला.

"ही माफी आता मिस्त्रींकडं मागा."

मी मागितली. मिस्त्रींनी कानस पुसली.

"मराठीत मागितली ते बरं केलंत," ते म्हणाले आणि ओतकाम सुरू करायला गेले.

अवघड शब्द मी आधीही डिक्शनरीत बघायचो. त्या दिवसापासून सोपेही बघू लागलो.