भागोजी गुरवाचा सनईचा दात

भागोजी गुरवाचा वरचा पुढचा दात ऐन तारुण्यातच काळवंडला होता. नारळी पौर्णिमेला नारळ लढवताना कुणाचा तरी नारळ निसटून थेट त्याच्या तोंडावर बसला. दात जागेवर राहिला, पण आतून मेला. भागोजीने त्याची फिकीर केली नाही. सनईची पत्ती ओठात धरली की ओठाला मागून टेकू द्यायला तो होता, तेवढं पुरे होतं. ऐकणाऱ्याला दाताचा रंग थोडाच दिसतो.

पण १९३१च्या पावसाळ्यात त्या दातावरची हिरडी फुगू लागली. दुखणं फारसं नव्हतं, नुसता फुगवटा. श्रावणात नाकाखाली ओठ उचलल्यासारखा दिसायला लागला आणि दात हलू लागला. सनई तोंडाला लावली की वारा बाजूने निसटे. येसूबाईने, त्याच्या बायकोने, बिब्बा लावून पाहिला. गाठ तशीच राहिली, वर ओठ मात्र भाजून निघाला.

खरी भीती वेगळीच होती. भाट्याच्या खाडीपलीकडच्या त्यांच्या गावात शिमग्याला देवीची पालखी निघाली की पहिली सनई भागोजीच्या घराची. हा मान होता. एखाद्या शिमग्याला त्या घराचा सूर निघाला नाही, तर मान चुलतघराकडे जायचा आणि गेलेला मान परत येत नसे.

चुलतभाऊ लवू पारावर बसून म्हणाला, "दादा, उपटून टाक तो दात. पालखीपुढे मी वाजवतो, तू नाच."

"नाचायला दात लागत नाय, ते बरं हाय," भागोजी म्हणाला. हसणारे हसले. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही.

नवरात्र झाल्यावर येसूबाईनेच त्याला खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसवून रत्नागिरीला नेलं. मुंबईहून दातांचं काम शिकून आलेल्या हरिश्चंद्र गानू डॉक्टरांनी तिथे नुकताच दवाखाना थाटला होता. त्यांनी हिरडी दाबून पाहिली, दातावर हलकेच टकटक केलं.

"मेलेल्या दाताच्या मुळाशी पाण्याची पिशवी धरलीय. ती आतून हाड खात चाललीय. दात काढला की पिशवी सहज निघेल. कवळी बसवून देतो."

"कवळीवर पत्ती टिकायची नाय, डाक्टर."

"मग दुसरा उपाय आहे. दात आतून साफ करून भरायचा, हिरडी उघडून पिशवी काढायची, मुळाचं टोक तासायचं आणि दात ठेवायचा. पण खरं सांगतो, हे मी गुरुजींच्या देखरेखीखालीच केलंय, एकट्याने नाही. टिकेलच, असं वचन देता येणार नाही."

भागोजी येसूबाईकडे बघत राहिला. ती म्हणाली, "ठेवा. गेला तर गेला, पन आपनहून नको."

आधी काही खेपा दात साफ करून भरण्यात गेल्या. मग एका सकाळी डॉक्टरांनी खुर्ची उन्हाच्या खिडकीशी ओढली, कपाळावरच्या आरशाने ऊन तोंडात घेतलं आणि सुई टोचून हिरडी बधिर केली. दुखलं नाही, पण हाड खरवडल्याचा आवाज डोक्यात घुमत होता. भागोजीने मनातल्या मनात पालखीची चाल धरली. शेवटी डॉक्टरांनी वाटीत करवंदाएवढी पिशवी दाखवली. टाके घातले, हलता दात बारीक तारेने शेजारच्या दाताला बांधला.

"हाड भरून येईपर्यंत फुंकायचं नाही. एक सूरही नाही."

हे सगळ्यांत अवघड गेलं. सनई नाही, तर निदान दम तरी मोडू नये, म्हणून डॉक्टरांना विचारून तो पपईच्या देठाची नळी ओठाच्या कोपऱ्यात धरी आणि वाटीतल्या पाण्यात बुडबुडे काढत बसे. गालात हवा राखून नाकाने श्वास घ्यायचा, बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. येसूबाई म्हणे, "भात कमी शिजतो या घरात, पानी जास्त."

माघात डॉक्टरांनी तार सोडली. अंगठ्याने दात ढकलला, परत ढकलला. दात हलला नाही. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि त्यांनाच हसू आवरेना.

शिमग्याला देवळापुढे सारा गाव जमला. लवू नवी पगडी बांधून, सनई कमरेला खोचून उभा होता. भागोजीने पत्ती ओठात घेतली. पहिला सूर जरा घोगरा आला. लवूचा हात कमरेकडे गेला. भागोजीने ओठ सावरला, दातावर टेकवला आणि पुन्हा फुंकलं.

सूर निघाला तो सरळ, भरदार, माडांच्या शेंड्यांवरून जाणारा. ढोल मागून धावत आले. पालखी खांद्यावर उसळली. देवळापासून सहाणेपर्यंत, पालखी टेकवायच्या चौथऱ्यापर्यंत, भागोजीने सूर तुटू दिला नाही. मागून आधाराचा एकच सूर धरणारा धाकू वाटेतच धापा टाकू लागला, तेव्हा लवूने कमरेची सनई काढली आणि भावाच्या मागे उभा राहून तो सूर धरला.

सहाणेवर पालखी टेकली तरी लोक पांगेनात. भागोजीने नवी चाल सुरू केली.