भय्यासाहेबांच्या नावाचा भरणा

नंदाताई पागे कर भरायच्या रांगेत आपल्या पुढे नसाव्यात, अशी नानाखेड्यातल्या लोकांची इच्छा असे. भरणा झाला, पावती मिळाली, तरी बाई खिडकी सोडत नसत. "भैया, पीछे सील मारो. नंबर डालो. साइन करो." मागची माणसं चडफडत. ही खोड सासऱ्यांची. भय्यासाहेब सरकारी कोषालयात कारकून होते. नवरा गेल्यावर सुनेला पहिलं शिलाई मशीन त्यांनीच घेऊन दिलं, आणि शिक्क्याशिवाय कागद घरात आणायचा नाही हेही त्यांनीच शिकवलं.

मंगळवारी सकाळी संपत्तिकराचे, म्हणजे घरपट्टीचे, वसुलीवाले दारात उभे राहिले. हातात कुलूप, कापड आणि लाख. चार वर्षांची थकबाकी, म्हणून पुढची खोली सील. त्या खोलीत नंदाताईंची तीन मशिनं होती आणि परवाच्या लग्नाचे एकोणीस ब्लाउज. ती बंद म्हणजे पोटच बंद.

"अहो, दर मार्चला भरलाय मी! रुकिए, दिखाती हूँ."

थकबाकीची नोटीस आल्यावर पावत्या खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी कालच देवास गेटला जाऊन त्या लॅमिनेट करून आणल्या होत्या. एरवी बटणंसुद्धा मोजून घेणाऱ्या या बाईंनी लिफाफा मात्र उघडून पाहिला नव्हता. आता उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लॅमिनेशनच्या उष्णतेने थर्मल कागदाच्या चारही पावत्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

"मैडम, ये तो काला कागज़ है," निरीक्षक म्हणाले. त्यांच्या माणसाने लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली.

नंदाताई उंबरठ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. "पलटा के देखो! पीछे देखो!"

मागे जांभळा शिक्का होता, पेनने घातलेला नंबर होता, सही होती. निरीक्षकांनी नंबर मोबाइलवर टाकला. स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. लाखेचा वास घरभर पसरला.

"पैसा तो जमा है," ते अखेर म्हणाले, "पर इस खाते में नहीं. मकान आपके नाम चढ़ा, तब नया खाता बना था. आप पुराने में भरती रहीं. भैयासाहब पागे के."

चूक नंदाताईंचीच होती. दर मार्चला खिडकीशी त्या तेच नाव सांगत. ते सांगायला त्यांना बरं वाटे.

"अर्ज़ी लिख दीजिए, इधर ट्रांसफर हो जाएगा. आज ताला नहीं लगाते." मेणबत्ती विझली.

कापड बेतायच्या टेबलावरच त्या लिहायला बसल्या. भय्यासाहेबांचं नाव लिहिलं तोच निरीक्षक हळूच म्हणाले, "आगे स्वर्गीय लिखिए, वरना लौट आएगी."

पेन थांबलं. भय्यासाहेब जाऊन पाच वर्षं झाली, पण नंदाताईंनी तो शब्द स्वतःच्या हाताने कुठेच लिहिला नव्हता. दारावरची त्यांच्या नावाची पाटीसुद्धा त्या रोज पुसून लख्ख ठेवत होत्या. मग त्यांनी नावाच्या आधी, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, तो बारीक अक्षरात लिहिला.

अर्ज देऊन त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. "इसकी पावती दो, भैया. पीछे सील मारो."