खांद्यातली सुई

पत्नीचे केस विंचरून अंबाडा बांधायला मी वयाच्या शहात्तराव्या वर्षी शिकलो. तिचा उजवा हात तेव्हा छातीच्या वर उचलला जात नसे. सकाळी माझी स्नानसंध्या आटोपली की ती पाटावर माझ्याकडे पाठ करून बसे आणि मी तिच्या विरळ, शुभ्र केसांतून फणी फिरवी. पुणतांब्याचे आमचे घर नदीपासून फार लांब नाही. त्या प्रहरी घाटाकडून ओलसर वारा येई, देवघरातली समई शांतपणे तेवत असे, आणि केसांचे पेड एकमेकांवर घालताना मला पाठशाळेतला जटापाठ आठवे. एक पद पुढे, मग तेच मागे, मग पुन्हा पुढे. गुरुजींसमोर बसून आम्ही मुले शब्दांची अशीच वेणी घालत असू. कधी कधी मला खरोखरच कळेनासे होई की माझ्या बोटांत केस आहेत की साठ वर्षांपूर्वीची ती सकाळ.

"झाली का? की अजून एक आवर्तन बाकी आहे?" ती विचारी. मग आरशात पाहून म्हणे, "ही वेणी आहे की बैलाचं दावं?"

मी पुन्हा सोडून पुन्हा घाली.

हे सारे एका लसीपासून सुरू झाले. तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयाने ज्येष्ठांसाठी फ्लूच्या लसीचे शिबिर भरवले होते, शुल्क घेऊन, रीतसर पावती देऊन. जागा मंगल कार्यालयाची. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर होत्या, आणि त्या सुकत्या फुलांखाली आम्ही वृद्ध मंडळी खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो, जणू कुठल्या तरी विस्मृत वधूवरांच्या प्रतीक्षेत. आडोसा म्हणून पडदा नव्हता. समोर पुरुषांची रांग होती. पत्नीच्या पोलक्याची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट. ती वर सरकेना. तेव्हा गळ्याच्या बाजूने पोलके थोडे खांद्यावरून ओढले गेले, खांद्याचे टोक तेवढे उघडे झाले, आणि नर्सबाईंनी तिथेच सुई टोचली.

विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एवढेच सांगत असे.

त्याच संध्याकाळी तिचा खांदा ठणकू लागला. चार दिवसांत तिला कपाळाला कुंकू लावता येईना. महिना गेला, दुसरा गेला. शेजारच्या शेतकरी कुटुंबातली बाई भाजी द्यायला आली की मायेने म्हणे, "काकू, वय झालं की व्हतंच असं. माझा बी गुडघा लई दुखतो." नातेवाईक फोनवर वात म्हणत, कोणी साखर तपासा म्हणत. साखर तिला कधीच नव्हती. रुग्णालयात गेलो, तिथेही वयाचेच कारण मिळाले. वर, आजी मनाला फार लावून घेतात, असेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. ते तिने ऐकले होते. त्यानंतर ती दुखण्याविषयी बोलेनाशी झाली. वेदना जणू तिने एखाद्या व्रतासारखी मौनात ठेवून दिली.

अखेर नगरला एका अस्थितज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला एकच गोष्ट करायला सांगितली: सुई जिथे टोचली, तिथे बोट ठेवा. तिने डाव्या हाताचे बोट खांद्याच्या अगदी हाडाजवळ ठेवले. डॉक्टर काही क्षण त्या बोटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले की लस दंडाच्या मांसल भागात द्यायची असते. इतक्या वर दिली तर ती सांध्याच्या आवरणात जाऊ शकते आणि तिथे दाह सुरू होतो. खांद्याच्या आतले चित्र काढल्यावर तसेच दिसले. परतीच्या गाडीत बाहेर उसाचे फड मागे सरत होते. राहुरी मागे पडल्यावर ती खिडकीकडे पाहतच बोलली.

"मला पैशांचं काही नाही. एकदा कोणीतरी अधिकारानं लिहून द्यावं की हे सुईनं झालं. वयानं नाही, आणि माझ्या मनानं तर नाहीच."

तेवढ्यासाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली.

आमच्या वकीलबाई माझ्याच विद्यार्थिनी. मी नगरच्या एका शाळेत संस्कृत शिकवत असताना त्या माझ्या वर्गात होत्या. शहरातल्या एका मुसलमान कापड व्यापाऱ्याची मुलगी, शब्दरूपे मोत्यासारख्या अक्षरात लिहिणारी. आता नगरजवळच केडगावला राहतात. तक्रारीचा पहिला मसुदा मी स्वतः लिहून नेला होता. त्यांनी तो आदराने दोन्ही हातांत घेतला, पहिले पान वाचले आणि हसू आवरत म्हणाल्या, "सर, हा असाच दिला तर आयोगाला आधी तुमच्याकडे शिकवणी लावावी लागेल." मग त्यांनी तो साध्या मराठीत उतरवला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला झाला.

पुढचे वर्षभर आम्ही तारखांना जात राहिलो. पुणतांब्याहून सकाळची गाडी धरायची, नगरला उतरायचे, आयोगाच्या बाकावर बसायचे. इंग्रजी तारखा माझ्या ध्यानात राहत नसत. मला तिथी आठवतात. एक सुनावणी वैशाखातल्या एकादशीला होती आणि पत्नीने बाकावर बसून राजगिऱ्याचा लाडू अर्धा मला दिला. एक पितृपक्षात आली, आणि पंख्याच्या संथ घरघरीत माझा डोळा लागला तेव्हा मला वाटले की बाकावर माझ्याशेजारी माझे वडील बसले आहेत, हातात आमची फाईल धरून, आपला पुकारा कधी होणार याची वाट पाहत. जागा झालो तेव्हा पुढची तारीख पडली होती.

रुग्णालयाने लेखी उत्तर दिले की लस दंडात, योग्य ठिकाणीच दिली गेली. सुई नेमकी कुठे टोचली याला आमच्याकडे तिच्या बोटाखेरीज पुरावा नव्हता. मग एके दिवशी वकीलबाईंचा फोन आला. शिबिराची छायाचित्रे रुग्णालयानेच तेव्हा मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये पाठवली होती आणि त्यांतल्या एकात पत्नी होती. आम्ही नगरला गेलो. पत्नी वकीलबाईंच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसली, मी आत गेलो. त्यांनी ते चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे केले. सुई, नर्सबाईंची बोटे, खांद्याचे टोक, सारे स्वच्छ दिसत होते.

"सर, यापेक्षा मोठा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पडद्याच्या कडेला बोट ठेवले. "फक्त हा हात कोणाचा?"

चित्राच्या काठावरून एक हात आत आला होता. चेहरा चौकटीबाहेर राहिला होता. त्या हाताने पत्नीचा पदर तिच्या दंडावर घट्ट धरला होता, आणि अनामिकेत तांब्याची अंगठी होती. मी मेजावरच्या माझ्या हाताकडे पाहिले. अंगठी तिथेच होती.

खरे म्हणजे मला तो क्षण कधीच विसरता आला नव्हता. मी केवळ त्याच्या आधी आणि नंतर राहत आलो होतो. नर्सबाई म्हणाल्या होत्या की बाही वर करावी लागेल. समोर पुरुष बसलेले. मी पुढे झालो, पदर दंडावर धरला, खांद्याच्या टोकाकडे बोट केले आणि म्हणालो, "ताई, बाही राहू द्या. इथूनच द्या." त्या घुटमळल्या. माझ्याकडे पाहिले, रांगेकडे पाहिले, आणि मी दाखवले तिथेच सुई दिली.

हे सर्व मी वकीलबाईंना सांगितले. त्या शिष्येच्या नव्हे, वकिलाच्या स्वरात बोलल्या. पलीकडच्या बाजूला हे कळले तर ते म्हणतील की घरच्यांनीच अडवले, आमचा दोष नाही. कदाचित सगळी तक्रारच फेटाळली जाईल. चित्रात चेहरा नाही, पण उद्या कोणी विचारूही शकेल.

"खोटं लिहा असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "शपथपत्रात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, सर."

परतीच्या गाडीत मी बोललो नाही. तिला हवे होते ते एक वाक्य, आणि ते माझ्या सत्याने तिच्या हातून जाण्याची शक्यता होती. असत्याने ते मिळवून दिले तर त्याला वाक्य तरी कसे म्हणावे? चाकांच्या लयीत मला झापड आली. स्वप्नात मी पाठशाळेत होतो, गुरुजी माझ्याकडून पाठ म्हणून घेत होते आणि मी प्रत्येक वेळी एकच पद गाळत होतो. ते रागावत नव्हते. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटावर बसली. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणूनच कदाचित मला बोलता आले. वकीलबाईंना मिळालेल्या चित्रात तुझा पदर धरलेला एक हात दिसतो, तो माझा आहे, मी म्हणालो, आणि नर्सबाईंना मी काय सांगितले होते तेही सांगितले.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"अहो, पदर माझ्याच अंगावरचा होता ना."

माझ्या हातातली फणी थांबली. मग इतके दिवस बोलली का नाहीस, मी विचारले.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते. लोकांना सांगताना तुम्ही त्या नर्स पोरीवर येऊन थांबायचात. मला तिची दया यायची." तिने पदर सारखा केला. "आणि खरं सांगू? त्या दिवशी तिनं तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही तिला सांगितलं. हात मात्र माझा. मला कोणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"बाहीची शिवण दोन बोटं उसवली असती. माझ्या पिशवीत कात्री असते. घरी येऊन परत घातली असती. दोन मिनिटांचं काम."

मी तिच्या केसांकडे पाहत राहिलो. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिच्या लज्जेचा इतक्या निष्ठेने सांभाळ केला होता की ती लज्जा नेमकी कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मी शपथपत्र लिहिले. त्यात लिहिले की चित्रातला हात माझा आहे, बाही वर करू नका असे मी सांगितले, आणि त्यासाठी माझ्या पत्नीची संमती घेतलेली नव्हती. वकीलबाईंनी ते वाचले, एक शब्दही बदलला नाही, आणि सही कुठे करायची ते दाखवले.

युक्तिवादाच्या दिवशी त्यांना वाटले होते तसेच झाले. रुग्णालयाच्या वकिलांनी माझे शपथपत्र हातात धरले आणि शांतपणे म्हणाले की तक्रारदाराच्या पतीनेच अडथळा आणला. नर्सने वृद्धांचा मान राखला, एवढाच तिचा अपराध. मला त्यांचा राग आला नाही. ते जे वाचत होते ते माझेच होते. अध्यक्षांनी चष्मा काढून पत्नीकडे पाहिले आणि तुम्हाला काही सांगायचे आहे का, असे विचारले.

ती खुर्चीचा आधार घेऊन उठली.

"त्या मुलीची तक्रार करायला मी आले नाही," ती म्हणाली. "ह्यांचीही नाही. पण सुई माझ्या खांद्यात गेली. आडोसा असता, किंवा मला कोणी एकदा विचारलं असतं, तर ती तिथे गेली नसती. दुखायला लागल्यावरही सगळ्यांनी ह्यांनाच विचारलं, आजींना काय होतंय म्हणून. मला काय होतंय ते मी सांगत होते. एवढंच लिहून घ्या."

ती बसली. कोणीतरी पंखा वाढवला. मला आठवते, त्या पंख्याखाली मेजावरचे कागद एकाच लयीत हलत होते, आणि मला वाटले की आपण सारे कुठल्या तरी जलाशयाच्या तळाशी बसलो आहोत आणि तिचा आवाज वरून, प्रकाशातून, खाली येत आहे.

निकाल आश्विनात आला. वकीलबाईंनी मोबाईलवर पाठवला आणि मी चष्मा लावून ओसरीत वाचायला बसलो. त्यात लिहिले होते की तक्रारदाराच्या खांद्याची इजा लस चुकीच्या ठिकाणी दिल्यामुळे झाली आहे. नातेवाईक काही म्हणाले, तरी आडोसा देणे आणि जिला लस द्यायची तिलाच विचारणे हे रुग्णालयाचे कर्तव्य होते. उपचारांचा भार आणि भरपाई त्यांनी द्यावी, मात्र मागणीपेक्षा कमी. कारण पतीचे वर्तनही या इजेस अंशतः कारणीभूत आहे.

"पहिलं पुन्हा वाचा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचले. तिने डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा वाचायला सांगितले, तेही वाचले.

"आता तुमचं वाचा."

मी ते वाक्यही वाचले, पहिल्याइतकेच सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून. वाचताना मला विचित्र निवांतपणा वाटला, जणू गाळलेले पद अखेर त्याच्या जागी बसले. तिने डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटले आणि हात तिथेच ठेवला.

वकीलबाईंनी निकालाबरोबर एक निरोपही पाठवला होता. रुग्णालय बहुधा वर अपील करील. केले, तर आपल्याला लढायचे की जे मिळाले त्यावर थांबायचे, ते सरांनी कळवावे. माझ्या ओठांवर उत्तर तयार होते. शांत राहावे, थांबावे, असे काहीसे. मी मोबाईल खाली ठेवला.

"अपील झालं तर काय करायचं?" मी तिला विचारले. "तू सांग."

अंगणात ऊन उतरत होते. पारिजातकाखालची सकाळची फुले मलूल होऊन मातीला चिकटली होती. ती त्यांच्याकडे पाहत विचार करत राहिली, इतका वेळ की मला मध्येच सुचवावेसे वाटले, दोनदा वाटले, आणि मी गप्प बसलो.

"उद्या सांगते," ती म्हणाली.