झोप येत नाही, का झोपू देत नाहीत?

झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सोनूबाईंकडे मी प्रथम गेले तेव्हा माझे यजमान जाऊन महिना झाला होता. सिल्वासाच्या शाळेत फळ्यापुढे उभी राहून मी काय शिकवते आहे तेच विसरत असे. दुधनीला त्यांच्या ओट्यावर बसताच त्यांनी विचारलं, "बाई, तुला झोप येत नाय, का झोपू देत नाय?"

"येत नाही," मी म्हणाले. मग त्यांनी सर्पगंधेची मुळी काढली.

रानातली ही कडू मुळी बिथरलेल्या जिवाला शांत करते, हे त्या आईकडून शिकल्या. फळं काळी होऊन बी पडल्याशिवाय त्या झाड उपटत नाहीत. मुळी मोजक्या दिवसांची देतात, मधून बोलावून नाडी बघतात आणि उरलेली परत मागतात. मला झोप लागू लागली. उरलेली मागायला त्या बसने सिल्वासाला आल्या, तेव्हा मी "संपली" म्हणाले. चार तुकडे डब्यात ठेवून घेतले होते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील भिला, धुळ्याकडचे. नरोलीत भाड्याची खोली, खडोलीच्या कारखान्यात मशिनवर काम. तेही बाईंकडे गेले होते. त्यांनाही तोच प्रश्न. "डबल ड्यूटी चालू आहे, दिवसा खोलीत सात जण," भिला म्हणाले. बाईंनी मुळी दिली नाही. "हे दुखणं तुझं नाय, मालकाचं हाय. त्याला सांग," म्हणाल्या.

मला तो कोरडेपणा वाटला. शहाणपणा करून डब्यातले तुकडे मी भिलांना दिले. चौथ्या दिवशी मशिनवर त्यांचा डोळा लागला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

सोनूबाईच्या मुळीने हात खाल्ला, अशी बोलवा झाली. मुलगी माझ्या वर्गात, म्हणून भिलांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. बाईंचा ओटा ओस पडला. त्यानंतर त्या एकदाच माझ्या दारी आल्या, हात पुढे केला. "उरलेली दे."

"संपली."

"आता खरं बोललीस," एवढंच म्हणून त्या पाणीही न घेता गेल्या. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. याला लोक मोठेपणा म्हणतील. मला त्याची लाज वाटते.

सोनूबाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने चार गोड शब्द मागितले होते. माझ्याकडे हेच आहेत. लिहिण्याआधी भिलांना विचारलं. डाव्या हाताने चहाचा कप पुढे करत ते म्हणाले, "लिहा मॅडम. बहोत देर केली तुम्ही."

सोनूबाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ज्यांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं त्यांनी पुन्हा दुधनीला जावं, त्या विचारतील त्याचं खरं उत्तर द्यावं. आणि माझ्यामुळे उडालेली त्यांची झोप त्यांना परत मिळो. माझी मी मागत नाही.