दत्ताभाऊंनी राखलेली धूळ

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडं नळाला पाणी आलेलं होतं. या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या आमच्या भागात पाणी आठवड्यानं यायचं, त्यामुळं हातातला पाइप न सोडता मी फोन कानाशी खांद्यात धरला. पलीकडं सुनीतावहिनी होत्या, दत्ताभाऊंची बायको. “ताई, हे गेले,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, करमाडकडं गेले असतील, बहिणीकडं. “कधी निघाले?” असं मी विचारलंसुद्धा. मग त्यांच्या मागून कुणाचा तरी हंबरडा ऐकू आला आणि मला कळलं. सकाळचा चहा घेतला, छातीत कळ आली, रिक्षात बसवेपर्यंत सगळं आटोपलं... हे सांगून वहिनी थांबल्या, आणि वेगळ्याच, घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “वरच्या खोलीत त्यांचं मशीन चालू हाये. कालपासून चालू हाये. लोकं म्हणतेत बंद करा. काय करू?” मी म्हणाले, “बंद करू नका वहिनी. कुणाला जवळ जाऊ देऊ नका. मी निघालेच.” पिंप कधीच भरून गेलं होतं आणि पाणी अंगणभर वाहत होतं.

दत्तात्रय शेजूळ हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. बजाजनगरातल्या दुमजली घराच्या वरच्या खोलीत बसून ते हलती चित्रं काढायचे. वाळूजच्या कारखान्यांत नव्या कामगारांना दाखवतात त्या सुरक्षेच्या छोट्या फिल्मा त्यांच्या. हेल्मेट विसरणारा गोल चेहऱ्याचा एक कामगार त्यांनी तयार केला होता. त्या फिल्मांचं मराठी मी लिहायचे आणि आवाजही माझाच असायचा. वीसेक वर्षं आम्ही असं बरोबर काम केलं. मी वयानं लहान, तरी मला ते ताईच म्हणायचे. माणूस मोठा हौशी, आणि तितकाच काळजीखोर. फाइल जपून ठेवली का, हे विचारायला घरी पोचल्यावर फोन करायचे. कामाच्या प्रती तीन ठिकाणी ठेवायचे, आणि त्यातली एक हार्ड डिस्क गावाकडं बहिणीच्या ज्वारीच्या कोठीत पुरलेली असायची. मी हसले की म्हणायचे, “हसा ताई. ज्याचं एकदा गेलंय त्यालाच कळतं.”

त्यांचं काय गेलं होतं, ते पुष्कळ उशिरा कळलं. करमाडच्या पुढं त्यांचं गाव. ते विशीत असताना मोठा दुष्काळ पडला होता, आणि पाण्याबद्दल गावोगाव दाखवायला एखादी फिल्म हवी म्हणून एक संस्था चित्रं काढणारं माणूस शोधत होती. चित्रं काढणारी दोन माणसं एकाच घरात निघाली. एक दत्ताभाऊ आणि दुसरी त्यांची थोरली बहीण, कौसाअक्का. नवरा लवकर गेल्यानं अक्का माहेरी परत आल्या होत्या, लग्नाच्या घरांच्या भिंती रंगवून द्यायच्या. दोघांनी मिळून कागदावर कोळशानं शेकडो चित्रं काढली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा कॅमेरा मागून आणला, बटण दाबायचं आणि लगेच सोडायचं, असं करत एकेक चित्र व्हिडिओ कॅसेटवर घेतलं. गोष्ट काय, तर पाण्याचं पिंप पाठीवर बांधलेलं गाढव उधळतं आणि अख्खं गाव त्याच्या मागं पळतं. बस, एवढीच! पण पळणारं गाव खरं होतं. चेहरे अक्कांनी काढले, ते खऱ्या माणसांचे. तंबाखू मळणारा सुतार, पदर खोचून पळणाऱ्या बाया, आणि सगळ्यांच्या मागून कपाळावर गोंदण असलेली त्यांची आई. जमीन, गाढव आणि गाढवामागं उठणारी धूळ दत्ताभाऊंची. जीपमध्ये टीव्ही घालून ती फिल्म खेड्याखेड्यांत दाखवली गेली. लोक पोट धरून हसायचे म्हणे.

पुढं कागद वाळवीनं खाल्ले. ते गाढव ज्या रानातून पळालं, त्या रानात शेंद्र्याकडचे कारखाने सरकत आले, उरलेल्याचं प्लॉटिंग झालं, माणसं विकून-सावरून पांगली. आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. उरली ती एकच कॅसेट, तीही बुरशीनं पांढरी पडलेली.

दोन वर्षांपूर्वी अक्कांना काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते येणार नाही, उरलेलं जपू, पण किती दिवस ते सांगता येत नाही. अक्कांना आता नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. मधलं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं काळं. दत्ताभाऊ दवाखान्यातून थेट माझ्याकडं आले. चहा पुढं ठेवला तर बशीकडं बघत बसले. मग म्हणाले, “ताई, ती कॅसेट साफ करायची. अक्काला दिसतंय तंवर. आन् तिला अख्खं चित्र एकदम दिसत न्हाई, तुकडा तुकडा दिसतो. म्हणजे दर तुकड्यात जे हाये ते ऱ्हायलं पाह्यजे. एक रेघ जाता कामा न्हाई.”

कॅसेटची बुरशी त्यांनी मऊ कापडानं, हातभर टेप पुढं ओढत, पुसली. ती किती वेळा वाजवता येईल याचा भरवसा नव्हता, कदाचित एकदाच. एक जुना व्हीसीआर मिळवला, तो दुसऱ्या कॅसेटींवर पुनःपुन्हा चालवून बघितला. शेवटी एका दुपारी, तो कॉम्प्युटरला जोडून, त्यांनी खरी कॅसेट आत सरकवली. मी आणि वहिनी दाराशी उभ्या. टेप घासल्याचा आवाज यायचा तेव्हा दत्ताभाऊ दोन्ही हातांनी व्हीसीआर धरायचे, जणू मूल पडेल. एकदा चित्र पूर्ण गेलं. पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या. मग मुंग्यांतून गाढवाचे कान वर आले. दुसऱ्यांदा ती टेप वाजली नाही, मध्येच तुटली. पण सगळं आत उतरलं होतं.

आता मुंग्या काढायच्या. त्याचे प्रोग्रॅम मिळतात, आणि ते झटपट काम करतात, हे मलाही ठाऊक होतं. आठवड्याभरानं त्यांनी मला पहिला साफ केलेला भाग बघायला बोलावलं. चित्र काचेसारखं स्वच्छ! मी “वा!” म्हणाले. दत्ताभाऊंनी जुना भाग शेजारी लावला. जुन्यात मुंग्यांच्या मागं जमीन भेगाळलेली होती, कोळशाच्या बारीक रेघांचं जाळंच्या जाळं. नव्यात जमीन मऊ, गुळगुळीत, पाऊस पडून गेल्यासारखी. “बघितलं? दुष्काळच पुसला की ह्यानं,” ते म्हणाले आणि हसले. वहिनींनी मला जाताना हळूच सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. प्रोग्रॅम शेजारशेजारची चित्रं ताडून बघतो. जे सगळ्यांत आहे ते खरं, जे एकाच चित्रात येऊन नाहीसं झालं ती घाण. माणसाच्या शूटिंगला हे चालतं. पण हातानं काढलेल्या फिल्ममध्ये पापणीची उघडझाप एका चित्रापुरती असते. उडालेला खडा एका चित्रापुरता असतो. गाढवामागची धूळ तर सगळीच तशी, दर चित्रात नव्यानं ठिपके देऊन काढलेली. मुंगीही ठिपका, धूळही ठिपका आणि आईच्या कपाळावरचं गोंदणही ठिपकाच. यंत्राला काय कळणार, यातला कोणता आपला? मग त्यांनी पडद्याचे भाग पाडले. मोकळ्या आभाळावरच्या मुंग्या जोरानं काढायच्या, जमिनीवर हात हलका ठेवायचा, चेहऱ्यांवर त्याहून हलका, आणि धुळीपाशी यंत्र थांबवून स्वतः चित्रामागून चित्र तपासायचं. दुरून बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस पडद्यावरचे ठिपके निवडत बसलाय, तांदळातले खडे निवडावेत तसे.

यात महिन्यामागून महिने गेले. मध्ये पावसाळा आला तो नावापुरता. अक्का तपासणीला शहरात यायच्या आणि दर वेळी डॉक्टरांच्या बोलण्यातून नळी अरुंद होत चालल्याचं कळायचं. दत्ताभाऊ तितकेच अधीर व्हायचे आणि तितकेच हळू काम करायचे. मी एकदा वैतागून म्हणाले, “भाऊ, थोडं राहिलं तर राहू द्या. अक्कांना बघायला मिळणं महत्त्वाचं.” ते म्हणाले, “व्हय. पर काय बघायला मिळणं?”

उन्हाळा लागला तसं कॉम्प्युटरचं मशीन तापून बंद पडू लागलं. कूलरला घालायला पाणी नव्हतं, टँकरचं पाणी पिण्यापुरतं. त्यांनी घरातला एकुलता टेबलफॅन मशीनकडं वळवला आणि स्वतः ओला टॉवेल खांद्यावर टाकून बसायचे. आमची शेवटची भेट त्याच खोलीत झाली, जाण्याच्या थोडेच दिवस आधी. डोळे लाल झालेले, दाढी वाढलेली. म्हणाले, “ताई, मला आता खरंच दिसतंय का सवयीनं दिसतंय, तेच कळंना झालंय. तुम्ही बघा. आईच्या कपाळावर गोंदण हाये का?” मी वाकून बघितलं. तीन बारीक ठिपके होते, पळताना कपाळाबरोबर हलणारे. “आहे,” मी म्हणाले. “नक्की? का मी म्हणलो म्हणून?” मी पुन्हा बघितलं. “आहे भाऊ. नक्की आहे.” तरी त्यांनी वहिनींना हाक मारली आणि तोच प्रश्न न सांगता, नुसतं “काय दिसतंय?” असं विचारलं. वहिनी सासूला आत्याबाई म्हणायच्या. पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “आत्याबाईंचं गोंदण.” तेव्हा कुठं ते खुर्चीत मागं टेकले. आता सगळे तुकडे एकत्र करून शेवटची फाइल तयार करायची तेवढी बाकी होती, ती मशीन आपलं आपण करणार होतं.

तेच मशीन चालू होतं, त्या सकाळी मी पोचले तेव्हा. खाली अंगणात दत्ताभाऊंना ठेवलं होतं. करमाडहून अक्का यायच्या होत्या, त्यांच्यासाठी सगळे थांबलेले. मी नमस्कार केला आणि वर गेले. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती आणि तिच्याकडं तोंड करून टेबलफॅन फिरत होता. वहिनींच्या भावानं दारातून डोकावून म्हटलं, “खाली मयत ठेवलंय आन् वर हे काय चालवलंय? बंद करा की.” मी काही बोलण्याआधीच लाइट गेली. पंखा थांबला. मशीन यूपीएसवर चालत राहिलं आणि यूपीएस ओरडायला लागलं, टीं... टीं... तो आवाज खाली अंगणापर्यंत जात होता. त्याची बॅटरी जुनी झाली आहे, हे दत्ताभाऊंनीच मला सांगितलं होतं. मध्येच बंद पडलं तर फाइल अर्धी राहील, आणि त्यांनी इतके महिने केलेलं ते सगळं पुन्हा नीट जुळवणारं आमच्यात कुणी नव्हतं. मी एका पुठ्ठ्यानं मशीनला वारा घालू लागले. यूपीएसच्या दोन ओरडण्यांमधलं अंतर कमी कमी व्हायला लागलं. तेवढ्यात वहिनी वर आल्या. त्यांना त्या अवस्थेत कुणी वर सोडलं कोण जाणे. भावाला बाजूला सारून त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातला पुठ्ठा घेतला आणि स्वतः वारा घालू लागल्या. “त्यांचं काम चालू हाये,” भावाकडं न बघता म्हणाल्या. आम्ही दोघी त्या पट्टीकडं बघत राहिलो. मनातल्या मनात मी कुणाकडं काय मागत होते, ते मला आज सांगता येणार नाही... लाइट आली तेव्हा यूपीएसचा आवाज एकदम तुटला, आणि खालून गलका ऐकू आला. अक्कांची गाडी आली होती.

तेराव्यापर्यंत ती फाइल उघडायची हिंमत कुणी केली नाही. पूर्ण झाली, असं पडद्यावर लिहून आलं होतं, पण आत काय आहे ते बघितलेलं नव्हतं. मी रोज धास्तीनं झोपायचे. एखादा भाग चुकीचा जोडला गेला असेल तर? ज्यांच्या डोळ्यांना ते कळलं असतं, तेच नव्हते. शेवटी तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर, अक्काच म्हणाल्या, “सुनीता, मला वर न्ये.” आम्ही त्यांना धरून जिना चढवला आणि दत्ताभाऊंच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढायला सांगितली, इतकी पुढं की नाक पडद्याला लागेल. मी फाइल लावली.

अक्का मान हळूहळू फिरवत बघत होत्या, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. भेगा होत्या. माणसं एकेक करून त्यांच्या नजरेच्या नळीत येत होती आणि त्या नावं घेत होत्या, या सुताराचं, त्या सखूचं. आई आली तेव्हा त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं आणि थांबवायला सांगितलं. वहिनी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मग अक्का म्हणाल्या, “चालू दे.” गाढव वळलं, धूळ उठली, कणाकणाची, दाट, खरीखुरी धूळ. आणि एकदम अक्का म्हणाल्या, “थांब. मागं घे. एकेक चित्र दाव.” मी एकेक चित्र मागं नेलं. “थांब!” त्यांनी पडद्याला डोळा लावला. मीही वाकले. गाढवाच्या पोटाखाली, धुळीच्या लोटात, एका चित्रापुरता पाचवा पाय होता.

जुन्या कॅसेटमध्ये तो मुंग्यांत कुणाला दिसलाच नसणार. दत्ताभाऊंना दिसला नाही, हे मात्र शक्य नव्हतं. त्या धुळीतला ठिपका न् ठिपका त्यांनी तपासलेला होता, आणि तो पाय पुसायला त्यांना एक क्षण लागला नसता.

अक्का हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. “तवाच म्हणलं व्हतं मी त्याला, एक पाय जादा काढला म्हणून. तर मला म्हणतो कसा, अक्का, येवढ्या धुळीत कुणाला दिसतंय?” मग पडद्यावरच्या त्या पायावर बोट ठेवून, आम्ही खोलीत नाहीच अशा आवाजात त्या म्हणाल्या, “दिसलं की रे मला.”