पाय मोडलेली अक्षरं

विमलबाईंचं इंग्रजी चांगलं, हे लिंबागणेशच्या पलीकडच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते विचारायला माणसं शाळेत त्यांच्याकडेच यायची. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. तिसरी-चौथी विमलबाईंकडे. त्यांच्या वर्गातून एका सुरात "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" चालायचं आणि रस्त्यावरचा माणूस थांबून कौतुकानं ऐकायचा.

२०१२ च्या जूनमध्ये कौशल्याबाई बदलून त्या शाळेत आल्या. दोघी अंबाजोगाईला डी.एड.ला एका खोलीत राहिलेल्या. मैत्रीण आली म्हणून विमलबाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदात थोडा मोठेपणाही होता. कारण कौशल्याचं इंग्रजी परीक्षेपुरतं त्यांनीच करून घेतलं होतं.

कौशल्याबाईंना पहिली-दुसरी मिळाली. त्या मुलांना अक्षरांची नावं शिकवायच्याच नाहीत, आवाज शिकवायच्या. फळ्यावर 'b' काढून म्हणायच्या, "ह्याला ब म्हणायचं न्हाई. ब चा पाय मोडा." मुलं ओठ मिटून 'ब्' म्हणायची. मग ॲ, मग ट्. आधी सुटं सुटं, मग जोडून, मग भरभर. बॅट! दिवाळीनंतर तर पहिलीची पोरं कधी न पाहिलेले शब्द वाचायला लागली. पिन, टॅप, नेट. एका मुलीनं विमलबाईंच्या पर्सवरचं नाव वाचून दाखवलं, तेव्हा त्या हसल्या. पण दिवसभर पर्स उलटी धरून बसल्या.

त्या साली पाऊस नव्हता. विहिरी आटल्या, कडबा मिळेना. गावातल्या सहकारी दूध संस्थेनं मांजरसुंब्याच्या रस्त्याला चारा छावणी काढली. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं; मागं उरलेली म्हातारी माणसं आणि नातवंडं जनावरांसोबत छावणीतच राहायला आली. कौशल्याबाई शाळा सुटली की तिकडं जायच्या, कडब्याच्या सावलीला पोरांना घेऊन बसायच्या.

विमलबाईंचे मालक मोहनराव त्या संस्थेचे सचिव. छावणीचं सगळं तेच बघायचे. जेवताना रोज एकच विषय.

"कौशल्याबाईंनी आज पोरांना कसलं वाचायला लावलं! म्हातारी माणसंसुदिक ऐकत बसली होती."

"तुम्ही भाकर खा," विमलबाई म्हणायच्या.

पंधरा वर्षांत मोहनरावांनी त्यांच्या शिकवण्याबद्दल असं एक वाक्य काढलं नव्हतं. दुपारी घरात कुणी नसताना त्या आरशासमोर उभ्या राहून 'ब्' म्हणून बघायच्या. मागून 'अ' निघायचाच. पुन्हा म्हणायच्या, पुन्हा 'ब'. जिभेला इतक्या वर्षांचं वळण. आरशातल्या स्वतःच्या तोंडाचा त्यांना राग यायचा.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख शाळा तपासायला यायचे होते. विमलबाईंनी आधीच त्यांना फोन केला. "साहेब, पहिलीच्या पोरांना एबीसीडीच येत नाही. बघा एकदा."

साहेबांनी पहिलीच्या एका मुलाला 'C' दाखवला. मुलगा म्हणाला, "क्". साहेबांनी 'S' दाखवला. मुलगा सापासारखा "स्स्" करायला लागला.

साहेब हसले, मग कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हे सगळं बंद करा. सगळे शिकवतात तसं शिकवा."

कौशल्याबाईंनी मान खाली घालून "बरं साहेब" म्हटलं. विमलबाईंना सकाळभर हलकं वाटलं. दुपारी पहिलीच्या वर्गातून "सी ए टी कॅट" ऐकू आलं, कौशल्याच्या पडलेल्या आवाजात, आणि त्यांनी उघडलेला डबा पुन्हा झाकून ठेवला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. छावणीतली शिकवणी मात्र चालूच असल्याचं मोहनरावांच्या बोलण्यातून कळलं. साहेबांनी नको म्हटलेलं कौशल्या तिथं करते, हे डोळ्यांनी बघायचं म्हणून एका संध्याकाळी विमलबाई छावणीत गेल्या.

गोठ्यांच्या रांगेच्या टोकाला पोरं बसली होती. समोर पशुखाद्याची रिकामी पोती पसरलेली. त्यात त्यांच्याच तिसरीतली रुक्मिण होती, छावणीत जनावरं घेऊन राहिलेल्या दगडाबाईंची नात. हिच्या डोक्यात काही शिरत नाही, असं विमलबाईंनी दगडाबाईंना तोंडावर सांगितलेलं. ती रुक्मिण पोत्यावर बोट ठेवून वाचत होती, "फ्... ई... ड्. फीड!" आणि स्वतःच खुदकन हसली.

विमलबाई पोरांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. पहिलीची पोरं कौशल्याकडं गेली तर जाऊ देत, पण ही त्यांची होती.

रुक्मिण पुढच्या पोत्याकडं सरकली. "क्... ॲ... ल्... फ्. कॅल्फ."

"काफ," विमलबाई बोलून गेल्या. "एल म्हणायचा नाही. काफ म्हणजे वासरू."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रुक्मिणनं विचारलं, "कावून म्हणायचा न्हाई, बाई?"

विमलबाईंनी कौशल्याबाईंकडं पाहिलं. "मला बी ठाऊक न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या.

पोरं उठून गेल्यावर दोघी पोत्यांवर बसल्या.

"साहेबांना तूच सांगितलंस ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"कावून गं?"

"माझ्याजवळ तेवढंच होतं, कौशे. गावात इंग्रजीच्या बाई म्हणजे मी. ते पण तू घेतलंस."

कौशल्याबाईंनी शेजारच्या एका पोत्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "डी.एड.ला तू एकदा वाचलंस की स्पेलिंग तुझं पाठ. मी रात रात घोकायचे आणि सकाळी कोरी. लई जळायचे तुझ्यावर. पास झाले तरी वाटायचं, ही पास झाली, मी न्हाई. म्हणून तर ह्या आवाजांच्या मागं लागले. पाठांतर न होणाऱ्यांनाबी वाचता येतं का, ते बघायचं होतं."

"मला ते 'ब्' म्हणता येत नाही," विमलबाई म्हणाल्या.

"ओठ मीट. आता दम सोडू नको, नुसते ओठ उघड."

वासरं हंबरत होती, पाण्याचा टँकर आल्याची आरडाओरड चालली होती, आणि दोन बाया पोत्यांवर बसून ओठ उघडझाप करत होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा विमलबाई स्वतः केंद्रप्रमुखांकडं गेल्या. माझं चुकलं, म्हणाल्या, आणि रुक्मिणला त्यांच्यापुढं वाचायला लावलं. पोरांना आवाजही येऊ देत आणि नावंही, असं ठरलं. आवाज कौशल्याबाईंनी शिकवायचे. कायदा मोडणारे शब्द, काफ आणि नाइफ आणि टॉक, ते तिसरीत विमलबाईंनी.

जळणं काही संपलं नाही. कौशल्याबाईंना बीडला शिक्षकांपुढं बोलायला बोलावलं, तेव्हा विमलबाई सोबत गेल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या, थोड्या उशिरा.

काही वर्षांनी कौशल्याबाईंची बदली नांदूरघाटला झाली. पहिलीचा वर्ग विमलबाईंनी मागून घेतला. आता पालक येऊन म्हणतात, "बाई, तुमची शिकवायची रीत लई भारी हाय."

पहिल्या वेळी त्या गप्प राहिल्या होत्या. आता सांगतात, "रीत माझी न्हाई, कौशल्याबाईंची." सांगताना दर वेळी आत काहीतरी टोचतं. तरी सांगतात.